छातीतल्या नळीला सरसकट चिमटा लावू नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

छातीत नळी असलेल्या रुग्णाला एक्स-रेसाठी किंवा दुसऱ्या वॉर्डात न्यायचे ठरले, की आधी नळीला दोन क्लॅम्प, म्हणजे ती दाबून बंद करणारे चिमटे, लावायचे आणि मगच स्ट्रेचर हलवायचे, ही सवय अजून पुरती गेलेली नाही. वरवर पाहता ती खबरदारीच वाटते. वाटेत नळीला जोडलेली पाण्याची बाटली आडवी झाली, नळी निसटली, छातीत हवा शिरली तर काय, असा तिच्यामागचा विचार. पण ज्याच्या नळीतून अजून हवा बाहेर येते आहे, त्या रुग्णाच्या जिवावर हाच चिमटा बेतू शकतो. तो का, आणि एकूण ही नळी व बाटली कशी सांभाळायची, हे रुग्णाच्या नातेवाइकांना आणि वॉर्डात नव्याने रुजू झालेल्यांना कळावे म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, पण विषय दोन ओळींत उरकण्यासारखा नाही.

फुप्फुस मोकळे सोडले तर आकसते. बरगड्यांचा पिंजरा उलट बाहेरच्या बाजूला ताण देतो. दोघांच्या मध्ये दोन पातळ आवरणे आणि थोडासा ओलावा असतो. या ओढाताणीमुळे तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी राहतो. शांत श्वसनात, श्वास सोडून झाल्यावर तो पाण्याच्या सुमारे 5 सेंटिमीटर स्तंभाइतका उणे असतो आणि श्वास घेताना 8 च्या आसपास जातो. या फटीत हवा, रक्त, पू किंवा पाणी शिरले की फुप्फुस पिंजऱ्यापासून सुटते आणि दबते. म्हणून नळी घालतात. आतले बाहेर यावे आणि बाहेरची हवा आत जाऊ नये, ही दोन्ही कामे तिने एकाच वेळी करायची असतात. पहिले काम कुठलीही नळी करील. दुसऱ्यासाठी बाटली लागते.

बाटलीतली युक्ती फार साधी आहे. रुग्णाकडून आलेल्या नळीचे टोक पाण्यात 2 सेंटिमीटर बुडलेले असते. छातीतली हवा एवढासा अडथळा सहज ओलांडते आणि बुडबुडा होऊन निघून जाते. श्वास घेताना छातीतला उणे दाब पाणी वर खेचतो. नळीत पाणी थोडे चढते, पण छातीपर्यंत पोचत नाही, कारण बाटली बरीच खाली असते. बाटली छातीच्या खालीच हवी हा नियम इथून आला. खाटेवरच्या रुग्णासाठी ती जमिनीवर, स्टँडमध्ये उभी हवी. हॅम्बुर्गच्या गोटहार्ड ब्यूलाऊ यांनी पू काढण्याची ही बंद पद्धत 1891 मध्ये प्रसिद्ध केली. तिचे खरे महत्त्व पटले ते 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत. अमेरिकी लष्करी छावण्यांत छातीत पू झालेल्या सैनिकांची छाती घाईने उघडून पू काढला जाई. फुप्फुस अजून कुठे चिकटलेले नसे. हवा आत शिरे आणि माणूस दगावे. शल्यविशारद एव्हर्ट्स ग्रॅहॅम ज्यात होते त्या लष्करी आयोगाने सुरुवातीच्या दिवसांत बंद नळीचाच आग्रह धरला आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले.

आता चिमट्याकडे वळू. फुप्फुसाला छिद्र असेल तर प्रत्येक श्वासाबरोबर थोडी हवा त्यातून फटीत येते. बाटलीत बुडबुडे दिसतात ते तिचेच. नळी चिमटली की येणारी हवा येतच राहते, जाणारी थांबते. दाब वाढतो, फुप्फुस मिटते, हृदय दुसऱ्या बाजूला ढकलले जाते, हृदयाकडे रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरा दबतात आणि रक्तदाब कोसळतो. याला टेन्शन न्यूमोथोरॅक्स म्हणतात. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णात यंत्रच हवा आत दाबत असल्यामुळे हे सारे काही मिनिटांत घडते. त्या मानाने बाटली आडवी झाल्याने थोडी हवा आत गेली, तरी बाटली सरळ करून, पाण्याची पातळी तपासून रुग्णाला खोकायला लावले, की ती त्याच वाटेने बाहेर येते. बुडबुडे येत असलेली नळी म्हणूनच चिमटायची नाही. नेताना चिमटे जवळ असू द्यावेत, नळीवर नकोत. बाटली गुडघ्याच्या पातळीला, उभी धरून एक माणूस स्ट्रेचरच्या बरोबरीने चालला की काम भागते.

चिमट्याचे रास्त उपयोग मोजकेच आहेत. बाटली बदलताना काही सेकंद. हवा नेमकी कुठून येते ते शोधताना काही सेकंद. आणि छातीत साचलेले भरपूर पाणी एकदम वाहू नये म्हणून. हा शेवटचा उपयोग दुर्लक्षिला जातो. अनेक दिवस दबलेले फुप्फुस अचानक उघडले तर त्याच्यातच पाणी उतरते. रुग्णाला सतत खोकला सुटतो, छाती आवळून येते, प्राणवायूची पातळी घसरते. म्हणून मोठ्या पाण्याच्या रुग्णात पहिल्या तासात दीड लिटरच्या पुढे जाऊ देत नाहीत आणि खोकला किंवा छातीत दुखणे सुरू झाले तर त्याआधीच थांबतात. जखमेच्या रुग्णात मात्र नळी घालताच 1500 मिलिलिटर रक्त आले, किंवा तासाला 200 मिलिलिटर असे दोन ते चार तास येत राहिले, तर तो नळीने सुटणारा प्रश्न नव्हे. शल्यविशारदाला तातडीने बोलवायचे. तिथे नळी चिमटून रक्त ‘थांबवणे’ म्हणजे ते नजरेआड साचू देणे.

नळी घालण्याबद्दल. ब्रिटनच्या राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने 2008 मध्ये इशारा काढला, तेव्हा त्यांच्याकडे जानेवारी 2005 पासून नळी घालण्याशी निगडित 12 मृत्यूंची आणि 15 गंभीर इजांची नोंद होती. नळी यकृतात, प्लीहेत किंवा हृदयात जाणे ही ऐकीव भीती नव्हे, आणि तिचे मूळ बहुतेकदा जागा चुकण्यात किंवा जोर लावण्यात असते. सुरक्षित जागा काखेखालच्या त्रिकोणात असते. पुढून छातीच्या मोठ्या स्नायूची कड, मागून पाठीच्या रुंद स्नायूची कड, खालून स्तनाग्राच्या पातळीची आडवी रेषा, म्हणजे साधारण पाचवी बरगडी-फट. प्रौढ स्त्रियांत स्तनाग्र खाली सरकलेले असू शकते. तिथे बरगड्या बोटाने मोजाव्या लागतात. बाजू कोणती हे फिल्म, रुग्ण आणि कागद अशा तिन्हींवर ताडून पाहावे. पाणी काढायचे असेल तर सोनोग्राफी नळी घालतानाच करावी. सकाळी खूण करून रुग्णाला परत पाठवायचे आणि दुपारी त्या खुणेवर नळी घालायची, यात अर्थ नाही, कारण रुग्ण हलला की पाणीही हलते.

बधिरतेत कंजुषी नको. लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध नुसते असेल तर वजनाच्या किलोमागे 3 मिलिग्रॅमपर्यंत देता येते. 60 किलोच्या माणसाला 180 मिलिग्रॅम, म्हणजे 1 टक्क्याचे 18 किंवा 2 टक्क्यांचे 9 मिलिलिटर. त्वचा, बरगडीचे आवरण आणि आतले पातळ आवरण अशा तिन्ही ठिकाणी ते पोचले पाहिजे, आणि नंतर काही मिनिटे थांबले पाहिजे. हे थांबणेच गाळले जाते आणि रुग्ण ओरडतो तेव्हा सगळ्यांना नवल वाटते! सुई आत गेल्यावर हवा किंवा पाणी ओढले गेलेच पाहिजे; नाही गेले तर जागा चुकली आहे, तिथे नळी घालायची नाही. छेद बरगडीला समांतर, 2 ते 3 सेंटिमीटर. पुढची वाट आर्टरी फोर्सेप्सने, म्हणजे बोथट टोकाच्या चिमट्याने, उलगडत, खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून करायची, कारण शीर, धमनी आणि चेतातंतू वरच्या बरगडीच्या खालच्या कडेला दडलेले असतात. मग बोट आत घालून चाचपायचे. फुप्फुस चिकटले आहे का, छाती आणि पोट यांच्यामधला पडदा वर आला आहे का, हे बोटाइतके खात्रीने त्या घडीला दुसरे काही सांगत नाही. नळीच्या आतली टोकदार सळई, म्हणजे ट्रोकार, दाबून नळी घुसवण्याची पद्धत सोडून द्यावी.

नळीची जाडी फ्रेंच मापात सांगतात. 1 फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा भाग. 28 ची नळी बाहेरून 9.3 मिलिमीटर, 14 ची 4.7. नुसत्या हवेसाठी किंवा पातळ पाण्यासाठी 8 ते 14 ची बारीक नळी पुरते आणि दुखतेही कमी. ताज्या रक्तासाठी 28 ते 32 ची लागते, नाहीतर गुठळीने ती तुंबते. नळीची त्रिज्या निम्मी झाली की संथ प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो, हे गणित विसरून दाट पुवासाठी बारीक नळी घातली, तर ती वारंवार सलाइनने धुवावी लागते. शेवटचे बाजूचे छिद्र छातीच्या आत असलेच पाहिजे. एक्स-रेत दिसणारी नळीवरची रेघ जिथे तुटते तिथे ते छिद्र असते. ते बरगड्यांबाहेर राहिले तर हवा कातडीखाली पसरते आणि मानेवर, छातीवर बोट दाबले की चुरचुर लागते. नळी भक्कम टाक्याने बांधावी. जखमेभोवती बटव्याच्या नाडीसारखा टाका घेऊ नये. तो दुखतो आणि व्रणही ओबडधोबड राहतो.

नळी घालण्याला अर्धा तास लागतो, बाटली सांभाळायची असते कित्येक दिवस. या दिवसांत तिच्याकडे कोण बघते? पुष्कळदा चोवीस तासांत एकदा आकडा लिहिला जातो, तेवढेच.

बघायचे काय? आधी नळीतले पाणी श्वासाबरोबर वरखाली होते का. त्याला स्विंग म्हणतात. स्वतः श्वास घेणाऱ्यात ते श्वास घेताना चढते, व्हेंटिलेटरवर असताना श्वासाला उतरते. स्विंग थांबला तर दोन शक्यता. एक तर फुप्फुस पूर्ण फुलून नळीला टेकले, नाहीतर नळी दुमडली किंवा तुंबली. पहिली चांगली बातमी, दुसरी धोक्याची. आणि रुग्ण धापत असेल तर पहिली धरून चालायचे नाही. आधी पांघरूण बाजूला करून रुग्णाच्या अंगाखाली नळी दबली आहे का ते पाहावे. तिथेच निम्म्या शंका फिटतात. सक्शन, म्हणजे बाटलीला जोडलेली यंत्राची ओढ, चालू असताना स्विंग दिसत नाही, हेही लक्षात ठेवावे.

मग बुडबुडे. खोकल्यावरच येतात, प्रत्येक श्वासाला येतात की अखंड येतात, असे तीन शब्दांत लिहिता येते. अखंड बुडबुड्यांत फुप्फुसाचे छिद्र मोठे असेल, किंवा एखादा जोड सैल असेल. छातीजवळ नळी क्षणभर चिमटावी; बुडबुडे थांबले तर हवा छातीतून किंवा जखमेच्या कडेने येते आहे, चालू राहिले तर चिमट्याच्या पुढच्या भागात कुठेतरी. ही तपासणी काही सेकंदांचीच असते, आणि ती संपल्यावर चिमटा नळीवरून निघाला का, हे दुसऱ्याने पाहावे.

आकड्याबाबत एक चूक नित्याची आहे. बाटलीत सुरुवातीला किती पाणी ओतले याची खूण पट्टीवर वेळेसह करून ठेवली नाही, तर तेही रुग्णाच्या खात्यात जाते. 500 मिलिलिटर पाणी घातलेली बाटली 700 वर आली की रुग्णाचे 200 झाले, 700 नव्हेत. नळी कधी काढायची हे याच आकड्यावर ठरते, म्हणून हा निव्वळ हिशेबाचा घोळ राहत नाही. रंगही लिहावा. पिवळसर पाणी एकदम लाल होणे, दुधाळ होणे किंवा त्यात अन्नाचे कण दिसणे या गोष्टींसाठी सकाळच्या फेरीची वाट बघायची नसते.

एका बाटलीच्या व्यवस्थेत एक अंगभूत खोट आहे. बाटलीचे आडवे क्षेत्रफळ 100 चौरस सेंटिमीटर धरले, तर अर्धा लिटर द्रव जमला की पातळी 5 सेंटिमीटर चढते. आधी 2 सेंटिमीटर बुडलेले टोक आता 7 सेंटिमीटर बुडले, आणि प्रत्येक बुडबुड्यासाठी रुग्णाला तेवढा जास्त जोर लावावा लागतो. म्हणून द्रव एकीकडे साठवून पाण्याचा अडथळा दुसरीकडे ठेवणारी दोन बाटल्यांची रचना आली, आणि सक्शनवर मर्यादा घालण्यासाठी तिसरी. तिन्ही कप्पे एकाच प्लास्टिकच्या डब्यात असतात तीही हीच रचना. तिसऱ्या कप्प्यात पाणी 20 सेंटिमीटर असेल तर भिंतीवरचे सक्शन कितीही वाढवले तरी ओढ 20 च्या पुढे जात नाही. बुडबुड्यांचा आवाज तेवढा वाढतो आणि पाणी लवकर उडून जाते. एकच बाटली वापरायची असेल तर ती वेळेवर बदलावी, एवढे तरी हातात आहे.

बाटलीच्या झाकणावर दोन तोंडे असतात. लांब दांडी पाण्यात जाते, तिला रुग्णाची नळी. आखूड तोंड हवेसाठी, ते उघडे. ही जोडणी उलट झाली की रुग्णाची छाती बाटलीतल्या हवेशी थेट जोडली जाते आणि प्रत्येक श्वासाला हवा आत जाते. बाटलीत पाणीच न घालता नळी जोडली तरी तेच. आखूड तोंड ‘घाण वास येतो’ किंवा ‘सांडेल’ म्हणून बोळा कोंबून बंद केले, तर हवेला वाट उरत नाही. चिमटा लावल्यासारखेच झाले. सर्वांत फसवा प्रकार सक्शनचा. भिंतीवरची कळ बंद केली, पण रबरी नळी बाटलीच्या तोंडाला तशीच राहिली, की तेही तोंड बंद झाले. सक्शन थांबवायचे म्हणजे नळी बाटलीवरून काढून ठेवायची, नुसती कळ फिरवून चालत नाही.

नळीला खाटेखाली झोळ पडू देऊ नये. झोळात द्रव साचतो, आणि त्याच्या चढत्या बाजूला 15 सेंटिमीटर द्रव उभा राहिला की छातीतून पुढे काही यायला तेवढा दाब लागतो. निचरा बंद पडतो आणि आकडा पाहून सगळ्यांना वाटते, रुग्ण सुधारला. नळी खाटेवर आडवी ठेवून तिथून सरळ खाली सोडावी. गुठळी दिसली तर हलक्या हाताने तेवढाच भाग दाबून सोडावा. नळी बोटांत पकडून लांबवर ओरबाडत नेण्याने आत शेकडो सेंटिमीटरचा उणे दाब तयार होतो, आणि फुप्फुसाची ऊती छिद्रात ओढली जाऊ शकते.

नळी आणि बाटली सुटी झाली तर? नळीचे टोक जवळच्या स्वच्छ सलाइनच्या बाटलीत 2 सेंटिमीटर बुडवावे आणि हाक मारावी. नातेवाइकालाही एवढे करता येते. नळी छातीतूनच बाहेर आली तर ती कधीही परत आत ढकलू नये. जखमेवर स्वच्छ गॉज ठेवून तीन बाजूंनी चिकटपट्टी लावावी, चौथी बाजू हवेला मोकळी. आणि डॉक्टर येईपर्यंत रुग्णाचा श्वास, नाडी बघत राहावे. बाटली कौतुकाने उचलून खाटेवर ठेवू नये. छातीपेक्षा वर गेली की त्यातला द्रव उलट छातीत उतरतो.

रुग्णाला पडून राहायला सांगणे हाही एक गैरसमज. नळीने दुखते म्हणून तो उथळ श्वास घेतो, खोकणे टाळतो, आणि फुप्फुस फुलायचे राहते. वेदनाशामक मागितल्यावर नव्हे, वेळापत्रकाने द्यावे. मग बसवावे, खोल श्वास, खोकला, आणि बाटली खाली धरून चालणे.

नळी काढताना फुप्फुस एक्स-रेत पूर्ण फुललेले, खोकल्यावरही बुडबुडा नाही, आणि चोवीस तासांतला निचरा 200 मिलिलिटरच्या आसपास किंवा खाली आलेला असावा. पू असेल तर त्याचा रंग आणि तापही पाहतात. हे काम दोघांचे आहे, एक नळी ओढतो, दुसरा टाका आवळतो. श्वास पूर्ण सोडून किंवा श्वास रोखून जोर करताना, यांपैकी जी पद्धत ठरेल तिचा रुग्णाकडून आधी दोनदा सराव करून घ्यावा. पिगटेल नळीत टोकाची गुंडाळी धरून ठेवणारा दोरा असतो. तो सोडल्याशिवाय ओढले तर रुग्णाच्या लक्षात राहील असे दुखते. काढल्यावर पुन्हा एक्स-रे.

आमची मागणी छोटी आहे. छातीत नळी असलेल्या प्रत्येक खाटेला एक कागद लटकवावा. त्यावर दर चार तासांनी स्विंग, बुडबुडे, आकडा आणि रंग, आणि वर मोठ्या अक्षरांत : ‘बुडबुडे येत असताना चिमटा लावू नये’. पाळी बदलताना जाणाऱ्याने येणाऱ्याला बाटली प्रत्यक्ष दाखवून हा कागद हवाली करावा. आपल्या आरोग्यविषयक पानावर या कागदाचा नमुना छापता आला, तर तो आम्ही तयार करून पाठवू.

आपले,
छातीच्या शस्त्रक्रिया विभागात काम करणारे काही डॉक्टर आणि परिचारिका